न पोचलेली लाल पट्टी

ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास, ऑकलंडच्या पश्चिमेला हेन्डरसन उपनगरातल्या एका घराच्या मागच्या अंगणात, मी सायो तानिमुरा या जपानी धावपटूची पट्टी धुतली. तिला विचारलं नव्हतं. पट्टी लाल कापडाची, चार बोटं रुंद, खांद्यावरून कमरेपर्यंत तिरकी घालायची. घामाचे पिवळट डाग होते, म्हणून अर्धा तास साबणाच्या पाण्यात भिजत घातली. पाणी आधी गुलाबी झालं, मग निळसर. निळसर का झालं, ते मला दुपारी कळलं.

हेन्डरसन

घर माझ्या भाचीचं, मुक्ताचं. मुक्ता फार्मसिस्ट आहे. पुण्यात शिकली, लग्नानंतर इकडे आली, पुन्हा परीक्षा दिल्या आणि आता हेन्डरसनच्याच एका औषधांच्या दुकानात काम करते. नवरा निखिल आयटीत. मुलगी ईरा अकरा वर्षांची. तिला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं. पहिल्या दिवशी मी विचारलं, "ईरा, शाळा आवडते का गं?" ती म्हणाली, "येप, हीप्स." निखिलने भाषांतर केलं, "म्हणजे खूप, मावशी."

मी तीन आठवड्यांसाठी गेले होते. नोकरीची शेवटची वीस वर्षं वृत्तपत्राच्या बातम्यांच्या टेबलावर गेली, त्यामुळे रिकामं बसायची सवय नाही. घरातले सगळे आठ वाजता बाहेर पडत. मग मी भांडी आवरायची, कपडे लावायचे, वाळत घालायचे. इथे एका दिवसात ऊन, पाऊस, वारा आणि पुन्हा ऊन होतं. दोरीवरचे कपडे तीनदा आत आणावे लागतात. पुण्यात गच्चीवर सकाळी घातलेला कपडा संध्याकाळीच आठवतो.

अंगणाच्या टोकाला एका खोलीचं वेगळं घर आहे. त्यात दोन वर्षांपासून सायो भाड्याने राहते. वय तेहतीस, उंची जेमतेम माझ्या खांद्याइतकी. जवळच्या एका रोपवाटिकेत ती कुंड्या भरण्याचं काम करते. कपड्यांचं मशीन दोन्ही घरांत मिळून एक, गॅरेजमध्ये.

त्या शनिवारी पश्चिम किनाऱ्याकडच्या एका गावात रिले शर्यत होती. सहा जणांचा संघ, सहा टप्पे, सगळे डांबरी रस्त्यावर. मुक्ता ज्या क्लबात आठवड्यातून दोनदा पळायला जाते, त्याचा संघ होता आणि सायोही त्यात होती. सायोने चार वर्षांत एकही शर्यत धावली नव्हती. सोमवारी संध्याकाळी मुक्ताने तिच्याकडे ती लाल पट्टी बघायला मागितली. बघून झाल्यावर, सायो येता-जाता उचलेल म्हणून, तिने ती मशीनवरच्या सायोच्या टोपलीत वर ठेवली. मंगळवारी मला टोपलीत वर मळलेलं कापड दिसलं.

दुपारी मुक्ताचा फोन आला, तेव्हा मी सहज सांगितलं की सायोचीही एक पट्टी धुऊन टाकली.

"मावशी, आतल्या बाजूला काही लिहिलेलं होतं का?"

"चष्मा नव्हता."

"आता बघ."

आतल्या बाजूला शाईचे सहा निळे डाग होते. ती सहा नावं होती.

त्या सहा नावांविषयी

सायो साडेचारला कामावरून आली. मी दारातच सांगितलं. तिचं इंग्रजी संथ आणि नीट आहे, माझंही तसंच. तिने पट्टी दोरीवरून काढली, उलटी केली आणि उजेडात धरली.

"दोन वाचता येतात," ती म्हणाली.

कोणती दोन, ते तिने सांगितलं नाही. मी माफी मागितली. ती वाकली, म्हणजे तिनेच माझी माफी मागितल्यासारखं झालं. मग आम्ही मागच्या पायरीवर बसलो. तिने जे सांगितलं ते मी रात्री वहीत उतरवून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी तिच्याकडून तपासून घेतलं.

जपानच्या दक्षिणेकडच्या एका बेटावरचं, संत्र्याच्या बागांचं गाव. शाळेच्या रिले संघात ती बाराव्या वर्षी आली. अठराव्या वर्षी एका कापड कंपनीने तिला नोकरी दिली, ती धावण्यासाठी. तिकडे कंपन्यांचे स्वतःचे धावपटूंचे संघ असतात. सकाळी पाचला सराव, नऊ ते बारा हिशेब विभागात फायली लावणं, दुपारनंतर पुन्हा सराव. राहायला कंपनीचं वसतिगृह. दिवसातून दोनदा वजन. वजन वाढलेलं दिसलं तर रात्रीच्या जेवणातला भात कमी. विसाव्या वर्षी तिची मासिक पाळी थांबली, बाविसाव्या वर्षी नडगीचं हाड चिरलं. प्रशिक्षकाने दोन्ही गोष्टी वहीत लिहिल्या. हाडाला विश्रांती दिली, पाळीबद्दल काही बोलले नाहीत.

ती तीन मॅरेथॉन धावली. एकीत देशात पहिल्या दहांत आली. पण कंपनीच्या लेखी खरं महत्त्व वर्षातून एकदा होणाऱ्या रिलेला होतं. तिकडच्या लांब पल्ल्याच्या रिलेत हातात दांडी नसते. घामाने भिजलेली पट्टी एकीच्या अंगावरून निघते, दुसरीच्या अंगावर जाते. सहाही जणी आतल्या बाजूला आपलं नाव लिहितात. अट एकच. रस्ता ठराविक वेळी वाहतुकीला खुला करायचा असतो. तोपर्यंत मागचा धावपटू पोचला नाही, तर पुढच्याला दुसरीच, पांढरी पट्टी देऊन सोडतात. संघ शर्यतीत राहतो, पण स्वतःची पट्टी मागेच राहते.

सायोच्या शेवटच्या वर्षी तिच्या डाव्या टाचेवरची शीर सुजली होती. तिने ते सांगितलं नाही. तिसरा टप्पा तिचा होता. ती पोचली तेव्हा चौथ्या टप्प्याच्या मुलीला पांढरी पट्टी देऊन सोडलेलं होतं. अकरा सेकंदांपूर्वी. त्या मुलीची पाठ तिला दिसली. लाल पट्टी सायोच्या हातात राहिली. पुढच्या वसंतात कंपनीने संघ बंद केला. सायोला हिशेब विभागात पूर्ण वेळ काम देऊ केलं होतं. तिने ते घेतलं नाही. विसाव्या वर्षी कंपनीच्या सराव शिबिरासाठी ती इथल्या वायताकेरेच्या डोंगरांत आली होती. तेवढी एकच परदेशातली जागा तिला माहीत होती, म्हणून इकडे आली.

"ही तू चार वर्षं धुतली नाहीस," मी म्हणाले. मला मुद्दा नीट करून घ्यायचा होता.

"शर्यत झाली की धुतात. दर वेळी," ती म्हणाली. "पोचलेली पट्टी धुवायची असते. ही पोचली नव्हती."

तिने पट्टीची चौकोनी घडी केली.

"क्लबला पट्टीची गरज नाही. मनगटाला नंबराची फीत असते. ही घालून धाव म्हणाली मुक्ता, मी नाही म्हटलं होतं." तिने घडी मांडीवर ठेवली. "आता धुतली आहे. शनिवारी घालते."

मुक्ता त्या दिवशी सव्वा सातला आली. दुकान सहाला बंद होतं. निखिल म्हणाला, "आज कोण होतं शटरपाशी?"

"एक आजोबा. पार्किंगमधून चालत येताना दिसले. काठी घेऊन."

"मावशी, हिचं दुकान कधी बंद होत नाही. लांबून कोणी येताना दिसलं की ही शटर धरून उभी."

"दिसल्यावर कसं ओढणार शटर?" मुक्ता म्हणाली. "न दिसता ओढलं तर गोष्ट वेगळी."

मग ती अंगणातल्या सायोच्या खोलीकडे गेली. परत आली ती एवढंच म्हणाली, "सायो तिसऱ्या टप्प्याला. मी चौथ्या टप्प्याला आहे."

वायताकेरे

बुधवारी सायोला सुट्टी होती. ती मला त्या डोंगरात घेऊन गेली. हेन्डरसनहून वीस मिनिटांत रस्ता झाडीत शिरतो. झाडांसारखी उंच नेची असतात, छत्रीसारखी. त्यांच्यावर कौरी नावाचे जुने वृक्ष. या वृक्षांना मातीतून पसरणारा रोग लागला आहे. त्यामुळे पायवाटेच्या तोंडाशी बूट घासायचे ब्रश आणि औषधाचा फवारा बसवला आहे. तळ साफ केल्याशिवाय आत जायचं नाही. काही वाटा बंदच आहेत. आपल्याकडे चपला बाहेर काढतात. इथे बूट धुऊन आत जातात. विमानतळावरही माझ्या बुटांचे तळ पाहिले होते आणि सामानातली मेतकुटाची पुडी उघडून वास घेऊन परत दिली होती.

सायोने जाताना बूट घासले, येतानाही घासले. येताना कोणी बघत नव्हतं. ती चालत होती, पळत नव्हती. चढावर डावा पाय जरा बाहेर टाकत होती.

"शनिवारी किती?" मी विचारलं.

"नऊ किलोमीटर. एक चढ. सरावात चाळीस मिनिटं लागली. पूर्वी तीस."

"पुरेल?"

"ग्रॅहम वेळेत आला तर."

ग्रॅहम हा क्लबचा कप्तान, निवृत्त शिक्षक, वय एकाहत्तर. दुसरा टप्पा त्याचा. या क्लबाने दहा वर्षांनी पुरा संघ उतरवला होता आणि निकालाच्या पाटीवर क्लबाचं नाव पुन्हा यावं ही त्याची इच्छा होती. शर्यतीच्या माहितीपत्रकात तोच जुना नियम छापलेला होता. साडेअकराला रस्ता खुला. ज्यांचा जोडीदार पोचला नसेल, त्या सगळ्यांना तिसऱ्या ठाण्यावरून, म्हणजे तिसरा टप्पा संपतो तिथून, एकदम सोडणार. कारणही दिलं होतं. त्या रस्त्यावर गोठे आहेत आणि वसंतात दुधाचा टँकर थांबवून चालत नाही.

मनुरेवा

गुरुवारी संध्याकाळी दक्षिणेला मनुरेव्यात निखिलच्या एका मित्राकडे जेवण होतं. त्याची बायको रुग्णालयात नर्स. सायोलाही बोलावलं होतं. वालाचं बिरडं, मसालेभात, अळूऐवजी पालकाच्या वड्या. सायोने सगळं थोडं थोडं घेतलं.

मित्राची आई, माझ्याच वयाच्या, तिच्या शेजारी बसल्या होत्या. त्यांनी मुक्ताला मराठीत विचारलं, "एवढं पळून हिला मिळतं काय?"

मुक्ताने भाषांतर करायचं टाळलं. सायोने विचारलं काय म्हणाल्या. मुक्ताला सांगावं लागलं.

"आता काही मिळत नाही," सायो म्हणाली. "पूर्वी पगार होता."

आईंनी मान हलवली. "मग बरंय. आता हवं तेव्हा थांबता येईल." आणि तिच्या पानात आणखी भात वाढला.

सायोने तो भात संपवला. गाडीत बसल्यावर ती मुक्ताला म्हणाली, "पंधरा वर्षं मला कोणी न विचारता भात वाढला नव्हता." मुक्ता म्हणाली, "आमच्याकडे विचारून कोणी वाढत नाही."

शुक्रवारी सायोला हलकं काही खायचं होतं. शर्यतीआधी नेहमी तसंच खाते, म्हणाली. मी मऊ भात केला, वर तूप आणि विमानतळावरून सुटलेलं मेतकूट. तिने वास घेतला, खाल्ला आणि म्हणाली की आजारी पडल्यावर आई असाच भात द्यायची, फक्त वर आंबट खारवलेलं फळ असायचं. मुक्ताने दुकानातला कायमच्या शाईचा पेन आणला होता. नावं पुन्हा लिहून घेऊ या, म्हणाली.

"नंतर," सायो म्हणाली.

तिसरं ठाणं

शनिवारी सकाळी ढग होते, वारा समुद्राकडून. निखिलने मला आणि मुक्ताला तिसऱ्या ठाण्यावर सोडलं. ठाणं म्हणजे गावच्या सभागृहासमोरचा डांबरी तुकडा, पांढरी रेघ, एक घडीचं टेबल आणि टेबलामागे पिवळ्या जाकिटातली पॅट नावाची बाई. हातात घड्याळ आणि नोंदीचा कागद. सभागृहात चहा आणि चीज भरून गुंडाळलेले गरम पाव होते. कुंपणापलीकडे गाई.

पहिला टप्पा ठीक गेला. ग्रॅहम दहा चाळीसला दुसऱ्या ठाण्यावर पोचेल असा हिशेब होता. त्याच्या पोटरीत वांब आला. तो दहा एक्कावन्नला पोचला. निखिल तिथे होता, त्याने मुक्ताला कळवलं: "सायो निघाली. पट्टी घातली आहे."

मुक्ताने फोन माझ्याकडे दिला. "एक्कावन्न आणि चाळीस," ती म्हणाली. बेरीज मी केली, अकरा एकतीस.

अकरा वीसपर्यंत बहुतेक संघ पुढे गेले. रेघेवर चार जण उरले. अकरा सव्वीसला दुधाचा टँकर ठाण्याजवळच्या आडरस्त्यावर येऊन थांबला. चालकाने इंजिन बंद केलं आणि खिडकीतून कोपर बाहेर काढलं. अकरा अठ्ठाविसाला ग्रॅहम दुसऱ्या रस्त्याने आलेल्या निखिलच्या गाडीतून लंगडत उतरला.

"रेघेवर या," पॅट म्हणाली. चौघे आले.

धावपटू येतात तो रस्ता ठाण्यासमोर सरळ आहे, दीडेकशे पावलं असतील, आणि मग उतारावरून वळतो. अकरा एकोणतीसपर्यंत वळणावर कोणी नव्हतं. पॅटने घड्याळ वर धरलं. साडेअकरा झाले तेव्हाही वळण रिकामं होतं.

"गो," पॅट म्हणाली. तिघे निघाले.

मुक्ता रेघेवर उभी राहिली.

"डार्लिंग, तू पण."

"ती येतेय."

"मला तर कोणी दिसत नाही."

मुक्ताने बोट दाखवलं. मला आधी काही दिसलं नाही. मग उताराच्या टोकाला लाल रंग दिसला.

"आत्ता निघालीस तर तुमचा संघ निकालात राहील," पॅट म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता. "थांबलीस तर मला तुमच्या नावापुढे रेघ मारावी लागेल. सगळ्या संघाची."

मुक्ता ग्रॅहमकडे वळली. "सॉरी, ग्रॅहम."

ग्रॅहमने रस्त्याकडे पाहिलं, टँकरकडे पाहिलं, मग सभागृहाच्या भिंतीवरच्या निकालाच्या पाटीकडे. "दहा वर्षं थांबलोय," तो म्हणाला. तो पायरीवर बसला आणि पोटरी चोळू लागला.

"मग?" पॅटने विचारलं.

"समोर दिसतंय माणूस," मुक्ता म्हणाली. हे मराठीत म्हणाली. नंतर इंग्रजीत, "मार्क इट, प्लीज."

पॅटने कागदावर रेघ मारली. टेबलाखालची थांबा-जा अशी दोन बाजूंची पाटी काढली, 'जा' पुढे करून रस्ता खुला केला. टँकरचा चालक पुढे आला नाही. त्याने खिडकीतून विचारलं, "लास्ट वन?" पॅट म्हणाली, "लास्ट वन." त्याने इंजिन सुरू केलं नाही.

सायो सरळ रस्त्यावर आली तेव्हा डावा पाय जवळजवळ घासत होता. तिची नजर खाली होती. साठेक पावलांवर आल्यावर तिने मान वर केली. मुक्ता रेघेवर होती, एक हात पुढे केलेला. सायो क्षणभर थांबल्यासारखी झाली. मला वाटलं पडते. तिने चालता चालता पट्टी डोक्यावरून काढली, दोन्ही हातांत ताणून धरली आणि शेवटचं अंतर पळाली.

"का थांबलीस?" ती म्हणाली.

"दे इकडे," मुक्ता म्हणाली. ती पट्टी अडकवत निघाली, उलट्या बाजूने, शिवण बाहेर. रस्त्याच्या कडेने. थोड्या वेळाने टँकर तिच्या मागून हळू गेला आणि एकदा भोंगा वाजवला.

सायो वळली, ज्या रस्त्याने आली त्या रस्त्याला वाकली. मग पॅटपुढे वाकली आणि उशिराबद्दल माफी मागितली. पॅटने तिला चहा आणून दिला. ग्रॅहमने सरकून पायरीवर जागा केली.

"नियम मोडला," सायो मला म्हणाली.

"हो."

"मुक्ताने."

"हो."

"किती वाजता पोचले?"

मी वहीत बघून सांगितलं. अकरा एकतीस आणि चाळीस सेकंद. तिने माझ्याकडून पेन घेतला आणि ते तळहातावर लिहिलं.

पुन्हा हेन्डरसन

दुपारी दोनला निकाल लागला. पाटीवर क्लबाचं नाव होतं, पुढे तीन टप्प्यांच्या वेळा होत्या आणि त्यानंतर आडवी रेघ. ग्रॅहमने पाटीचा फोटो काढला. मुक्ता, तिच्यानंतरचे दोघे, सगळे शेवटपर्यंत पळाले. त्यांच्या वेळा कुठे नोंदलेल्या नाहीत.

रविवारी पाऊस होता. माझं परतीचं विमान मंगळवारी होतं.

सोमवारी सकाळी साडेसातला मी कपडे घेऊन अंगणात गेले. दोरीवर लाल पट्टी आधीच वाळत होती. खालच्या टोकातून पाणी गळत होतं. मी मुक्ताला विचारलं, ईराला विचारलं, दोघींनी हात लावला नव्हता. मग सायोला विचारून खात्री केली. पट्टी तिने धुतली होती.